लघवी बोलते, ऐकतं कोण?

बायपासनंतर मूत्रपिंडं रुसणं ही हृदयशस्त्रक्रियेतली जुनी डोकेदुखी. ती रुसली हे सांगायचं काम आपण रक्तातल्या क्रिएटिनिनवर सोपवलंय, आणि हे गृहस्थ कायम वरातीमागून घोडं घेऊन येणारे. मूत्रपिंडांचं निम्मं काम थांबलं तरी आकडा हलेलच असं नाही. त्यात हार्ट-लंग मशीनच्या द्रवाने रक्त पातळ झालेलं, म्हणजे पहिल्या दिवशी रिपोर्ट उलट झकास! 'किडनी उत्तम' ऐकून नातेवाईक चहाला जातात, आणि दोन दिवसांनी डायलिसिसचा कागद सहीला येतो.

२००५ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी थेट लघवीलाच विचारलं. हृदयावर शस्त्रक्रिया झालेली ७१ मुलं. ज्यांची मूत्रपिंडं दुखावली, त्यांच्या लघवीत एनगॅल नावाचं प्रथिन दोन तासांत वाढलं. क्रिएटिनिनला एक ते तीन दिवस लागले. निदानाचा गुणांक ०.९९८, म्हणजे जवळपास पैकीच्या पैकी. मोठ्या माणसांत मात्र तो ०.७ च्या आसपास घसरला. घसरणारच. मुलांची मूत्रपिंडं कोरी, मोठे येतात मधुमेह, बीपी आणि गुडघेदुखीच्या गोळ्यांची जुनी थकबाकी घेऊन.

२०१४ मध्ये दुसऱ्या दोन प्रथिनांच्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने परवानगी दिली. मुलांसाठीच्या एनगॅलला ती मिळाली डिसेंबर २०२३ मध्ये. २००५ ला जन्मलेलं मूल तोवर मतदार झालं होतं.

बरं, धोक्याची घंटा वाजली. आता औषध? नाही. करायचं ते एवढंच: मूत्रपिंडांना बाधणारी औषधं थांबवा, रक्तदाब आणि शरीरातलं पाणी नीट ठेवा, साखर आवरा, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन शक्यतो टाळा, क्रिएटिनिन आणि लघवीवर लक्ष ठेवा. हे सगळं २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत छापून तयार होतं.

जर्मनीतल्या म्युन्स्टरचा २०१७ मध्ये छापून आलेला प्रयोग: हृदयशस्त्रक्रियेनंतर लघवीत २०१४ च्या चाचणीतली ती दोन प्रथिनं वाढलेले २७६ रुग्ण. निम्म्यांना ही यादी काटेकोर लावली. मूत्रपिंडं दुखावण्याचं प्रमाण ७२ वरून ५५ टक्क्यांवर आलं. डायलिसिस आणि मृत्यू यांत फरक नाही, तेव्हा टाळ्या बेताच्याच. चार वर्षांनी अनेक रुग्णालयांत हाच प्रयोग झाला. मला खरी गंमत वाटली ती त्यातल्या उरलेल्या निम्म्यांची. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या या रुग्णांत संपूर्ण यादी पाळली गेली फक्त ४ टक्क्यांत! चार वर्षांनी अनेक रुग्णालयांत हाच प्रयोग झाला. लघवीच्या चाचणीने रुग्णालयांचं केलं तितकं पक्कं निदान आजवर मूत्रपिंडांचंही केलेलं नाही.

तिकडे सिस्टर दर तासाला युरोबॅगमधली लघवी मोजून तक्त्यात लिहीत असते. सलग सहा तास, किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, की त्याच मार्गदर्शिकेनुसार निदान पक्कं. त्याला किट लागत नाही. राउंडला आलेल्या साहेबांनी तो तक्ता उचलून वाचला तरी चालतं.