मधल्या सीटबाईंना अनावृत पत्र

श्रीमती मधली सीट,
रांग कोणतीही, यांसी
सा. न. वि. वि.

बाई, विमानात आपल्याला कुणी हौसेनं मागून घेतल्याचं ऐकिवात नाही. खिडकीवाल्याला ढग हवे असतात, कडेच्याला पाय मोकळे करायला वाट हवी असते. वेब चेक-इनला ज्याला उशीर झाला, तो आपल्या पदरात पडतो. पण २०२० च्या मे महिन्यात आपलं नशीब असं फळफळलं, की आपल्यापायी सर्वोच्च न्यायालय ईदच्या सुट्टीतही बसलं! कोरोनामुळे परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या विमानांत आपल्याला रिकामं ठेवायचं ठरलेलं असताना भरता कसं, असं एअर इंडियाच्या एका वैमानिकानं मुंबई उच्च न्यायालयात विचारलं होतं. तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल मोठा समंजस लागला: ६ जूनपर्यंत भरा, पुढचं पुढे बघू.

१ जूनला विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) तोडगा काढला. शक्यतो आपल्याला रिकामं ठेवावं. नाहीच जमलं तर आपल्यावर बसणाऱ्याला अंगभर गाऊन द्यावा. अंगात गाऊन, तोंडाला मास्क, त्यावर वाफ धरलेलं फेस शील्ड, अशा थाटात तो बिचारा बोहल्यावर उभ्या केलेल्या नवरदेवासारखा अवघडून बसे. डाव्या-उजव्यांना गाऊनची सक्ती नव्हती. कडेला बसणाऱ्यांशी विषाणू अदबीनं वागत असावा.

विमान कंपन्यांचा जीव का कासावीस झाला, हे आपल्याला ठाऊक आहेच. १८० आसनी विमानात आपण साठ जणी. साठही रिकाम्या, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. आणि तिकीट वाढवून तो भरून काढावा, तर सरकारनं भाड्याला कमाल मर्यादा घातलेली.

पण रागावू नका, आपण साठही जणी रिकाम्या राहिल्या असतात तरी बाकीच्या जागा भरल्या नसत्या. २०१९ साली देशांतर्गत विमानांनी १४ कोटी ४१ लाख प्रवासी गेले होते, २०२० साली ६ कोटी ३० लाख. दोन महिने उड्डाणंच बंद होती, कंपन्यांनी मीटिंगा झूमवर नेल्या, हे सगळं खरं. उरलेल्यांची भीती मात्र विमानातल्या दोन तासांची कमी आणि उतरल्यावरची जास्त होती. मुंबईत उतरलं की डाव्या हातावर शिक्का आणि चौदा दिवस घरात. सात दिवसांच्या आत परतीचं तिकीट दाखवलं की मात्र सूट! विषाणूही तिकीट तपासूनच चावत असणार. मग नोव्हेंबरात नवा फतवा: दिल्ली, गोवा, गुजरात, राजस्थानहून येणाऱ्यांनी ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर दाखवावा, नाहीतर विमानतळावर स्वखर्चानं नाकात काडी घालून घ्यावी. पुण्यातल्या आजोबांना भेटायला निघालेल्या नातवानं हिशेब मांडायचा तो हाच: आज काढलेलं तिकीट पुढच्या आठवड्यात कुठल्या नियमाखाली उतरेल? उत्तर मिळेना, म्हणून तो व्हिडिओ कॉल करायचा. याला लोक भित्रे झाले म्हणणं अन्यायाचं आहे. धसका त्यांनी परिपत्रकांचा घेतला होता.

आता आपण पुन्हा भरल्या आहात. २०२३ साली प्रवासी १५ कोटींच्या वर गेले. सांगायचं एवढंच: पुढची साथ आली, तर आपल्याबद्दल कोर्टात भांडण्याआधी उतरल्यावरचे नियम देशभर एकच ठेवा आणि ते तिकिटाच्याच कागदावर छापा, असा अर्ज आपणच करावा. आपलं ऐकतात, हे तर सिद्धच झालं आहे.

आपला,
खिडकीशी बसलेला