यामाहाचा कॅसिओ कसा घ्यावा

अमरावती-अकोल्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आणि विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वाद्याला कॅसिओ म्हणतात. त्याचे प्रकार तीन : रोलँडचा कॅसिओ, यामाहाचा कॅसिओ आणि कॅसिओचा कॅसिओ. कॅल्क्युलेटर विकणाऱ्या त्या जपानी कंपनीने १९८० मध्ये पहिला कीबोर्ड काढला, तेव्हा आपलं नाव वऱ्हाडात सगळ्या जातीला लागेल, हे तिलाही ठाऊक नसावं. असा कॅसिओ जुना घ्यायचा असेल, तर पुढील शास्त्र अभ्यासावे.

नियम पहिला. एकट्याने जाऊ नये, जाणकार सोबत न्यावा. जाणकार बाजारात मिळत नाही, तो बायकोच्या माहेरी असतो. माझा अकोल्याला आहे. आमचा साळा वीस वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचा. हल्ली कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशव्या मोजतो, पण जगात कुठेही कीबोर्डचा विषय निघाला की त्याच्या बोटांना कापरं भरतं. पोरीसाठी एक कीबोर्ड पाहतोय, एवढंच मी फोनवर म्हणालो.

"जवाई, घाई कराची नाई. मी हाव ना."

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचं डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजचा विक्रम झाला. त्याच रस्त्याने ये-जा करत आम्हाला एक कीबोर्ड ठरवायला चार रविवार लागले. याची नोंद कुणी घेतली नाही.

नियम दुसरा. वस्तू पाहताना चेहरा मयताला आल्यासारखा ठेवावा.

नियम तिसरा मोठा आहे, कारण इथे साळ्याने मला खरोखर काहीतरी शिकवलं. चौथ्या रविवारी जठारपेठेत एका जुन्या वादकाच्या घरी यामाहाचा कॅसिओ निघाला, खास भारतासाठी काढलेला, तबला-तानपुऱ्याचे आवाज भरलेला. मी आवाज ऐकणार, तोवर साळ्याने तो पालथा घातला आणि सेलचं झाकण उघडलं. स्प्रिंगवर हिरवट-पांढरी भुकटी असेल, तर सेल आत पाझरलेत असं समजावं. मग आवाजाचं बटण हळूहळू फिरवलं. खरखर झाली, तर धूळ. मग एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या, प्रत्येक दोनदा : एकदा हळू, एकदा जोरात. पट्टीखाली रबराची पट्टी असते, तिला काळ्या कार्बनच्या टिकल्या असतात. टिकली मळली की सूर मुका होतो, किंवा हळू दाबली तरी पट्टी बोंबलते. हे दोन्ही रोग खोलून, पुसून बरे होतात. म्हणजे भाव पाडायला उत्तम, आणि घरी आल्यावर काळजी नाही. वरच्या सप्तकातला एक नी मुका निघाला, तेव्हा साळ्याला झालेला आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"याच्यात झुरळाचं बिऱ्हाड हाये, भाऊ."

घरमालकाने अडॅप्टर आणून दिला. साळ्याने तो उजेडात धरला.

"हा कॅसिओचा हाये, नऊ व्होल्टचा. याले बारा लागते. अन् पिनही उलटी हाये. लावला तं बसलं मंग सारं!"

भोकाशेजारी एक बारीक गोल छापलेला असतो, त्यावर अधिक-उणेची खूण असते. जुन्या कॅसिओच्या पिनेत उणे आत, यामाहाच्या पिनेत अधिक आत. ही खूण वाचणारा माणूस सोबत असेल, तर त्याचे बाकी सगळे गुन्हे माफ करावेत. (मी करतो. म्हणजे प्रयत्न करतो.) घरमालकाने मग ओशाळून माळ्यावरून खरा अडॅप्टर काढला.

नियम चौथा. जाणकाराने चांगलं वाजवू नये. हा नियम मी स्वतः शोधला, पैसे भरून. भाव नऊ हजारांवरून साडेसहावर आला होता. तेवढ्यात साळा म्हणाला, "जरा पाहू दे," आणि सतरंजीवर मांडी घालून बसला. कीबोर्ड स्टँडवर ठेवायचा असतो, पण हा मूळचा पेटीवाला. उजव्या हाताने त्याने भैरवी धरली आणि डावा हात वाद्याच्या मागे जाऊन हळूहळू भाता मारू लागला. भाता नव्हताच. रिकाम्या हवेत पंजा उघडत होता, मिटत होता, थेट लयीत. मी हसणार होतो. हसलो नाही.

वाजवणं थांबलं. घरमालक म्हणाला, "पाह्यलं ना भाऊ, कसं वाजते! आठच्या खाली नाई जमत."

आठ दिले.

आता शिकणं. पोरीला पहिल्या दिवशी पांढरी एक दाखवावी, म्हणजे सा. काळी एक, काळी दोन ही नावं तिला शाळेत कुणी सांगणार नाही, पण भजनाला बसली की हीच लागतील. ट्रान्सपोज नावाचं बटण तिच्यापासून लपवावं. त्याने पट्टी बोटं न हलवता बदलते, आणि मग बोटं जन्मभर हलत नाहीत. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दाराबाहेर काढलं होतं. काही कीबोर्डांना डावीकडे सूर वाकवायचं चाक असतं, ते रेडिओच्या त्या साहेबांना दाखवायला हवं होतं. मात्र नवशिक्याने ते फिरवल्यास घरातलं मांजर बाहेर जातं.

तयार ठेके वापरू नयेत. मोझरीच्या वळणाची भजनातली खंजिरी ज्यांनी ऐकली आहे, त्यांच्यासमोर तर मुळीच नाही.

आणि हो, वाद्य विकत घेतल्यावर ते आपल्या घरी न्यावे. हा नियम लिहायला मला उशीर झाला. त्या संध्याकाळी साळा म्हणाला, नीची टिकली पुसून देतो, आठ दिवस राहू द्या. मी अडॅप्टर सुरक्षित राहावा म्हणून माझ्या पिशवीत टाकला आणि बडनेऱ्याची गाडी धरली. त्याला आता दोन महिने झाले. पोरीने चित्रकलेचा क्लास लावला. सासूबाई सांगतात, रात्री दुकान बंद झालं की हा सेल घालून बसतो, आणि महिन्याला सेलांचाच खर्च फार होतो.

काल फोन आला.

"जवाई, दिवाईले येसान तं तेवढा अडॅप्टर आनजा."