चुकीच्या नकाशाची थोरवी

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. मोजमाप हाताशी आहे, ते वाचताही येतं, तरी जो ते बाजूला सारून भलतंच चित्र काढतो, त्याला यातल्या कोणत्या समासात बसवायचं? मेट्रोच्या डब्यात दारावरचा नकाशा काढणारा माणूस या जातीचा आहे. वर्सोवा ते घाटकोपर हा मार्ग 8 जून 2014 ला सुरू झाला. लांबी 11.4 किलोमीटर, स्थानकं 12. दारावर मात्र ही बाराही स्थानकं एका सरळ रेघेवर, सारख्या अंतरावर शिस्तीत उभी आहेत. खाली अंधेरी-कुर्ला रस्ता हवा तसा वळतो. रेघेला त्याची खबर नाही. हा मूर्खपणा आहे, आणि त्याची मनापासून स्तुती करावी असंच माझं मत आहे.

कारण साकीनाक्याला चढलेल्या माणसाला रस्ता कुठे वळतो हे नको असतं. घाटकोपर तिसरं, उलट्या दिशेला अंधेरी पाचवं, एवढं त्याला पुरतं. दोन स्थानकांमधलं नेमकं अंतर सांगणारा शहाणा नकाशा त्याच्या पुढ्यात धरा. तो वाचून होईपर्यंत असल्फा निघून गेलेलं असेल.

पश्चिम रेल्वेचं उदाहरण घ्या. चर्चगेट ते विरार साधारण 60 किलोमीटर, दोन्ही टोकं धरून 29 स्थानकं. विरार ते डहाणू रोड जवळपास तेवढंच अंतर, पण विरार सोडल्यावर स्थानकं फक्त 8. हे सगळं खऱ्या मापात छापलं, तर खालच्या टोकाला मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड ही नावं एकमेकांच्या अंगावर चढतील आणि वरचा अर्धा कागद मोकळा राहील. माप अचूक आणि नाव वाचता येत नाही, असा तो नकाशा होईल. पढतमूर्ख म्हणतात तो हा.

लंडनच्या हॅरी बेकनं हे 1931 साली ओळखलं. तो भुयारी रेल्वेच्या सिग्नल विभागात काम केलेला ड्राफ्ट्समन. मधली गर्दीची स्थानकं त्यानं ऐसपैस पसरवली, दूरची उपनगरं जवळ ओढली, आणि सगळे मार्ग उभे, आडवे किंवा 45 अंशांत तिरके केले. कंपनीनं आधी नकाशा नाकारला, 1932 मध्ये थोड्या प्रती छापून पाहिल्या आणि जानेवारी 1933 मध्ये तो प्रवाशांच्या हाती दिला. लोकांनी तो उचलून धरला. त्यांचं शहर कुणीतरी वेडंवाकडं केलं होतं, आणि त्या शहरात ते पहिल्यांदाच न चुकता फिरू लागले होते.

पण हा मूर्खपणा बेकच्याही आधीचा आहे, आणि त्यातला एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. शार्ल मिनार हा फ्रेंच अभियंता. नेपोलियनच्या रशियावरील मोहिमेचा 1869 चा त्याचा आलेख जगप्रसिद्ध आहे; मला मात्र त्याचे कापसाचे नकाशे अधिक मोलाचे वाटतात. युरोपात कुठून किती कापूस येतो, हे त्यानं समुद्रावरून जाणाऱ्या पट्ट्यांनी दाखवलं; कापूस जितका जास्त, तितकी पट्टी रुंद. 1858 च्या नकाशात अमेरिकेची पट्टी अवाढव्य आहे. मग अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं कोंडली गेली. 1864 च्या नकाशात अमेरिकेची पट्टी आटून दोरीएवढी झालेली आणि हिंदुस्थानची फुगलेली दिसते. तो फुगवटा म्हणजेच मुंबईची कापसाची तेजी. प्रेमचंद रायचंदांचा शेअरबाजार, बॅक बेच्या भरावाचे कागद, 1865 मधली पडझड, हे सारं ज्या कापसावर उभं राहिलं तो तिथे एका नजरेत समजतो. आणि या पट्ट्या मावाव्यात म्हणून मिनारनं काय केलं? जिब्राल्टरची सामुद्रधुनी रुंद केली! भूगोलानं थोडं सरकून कापसाला वाट द्यावी, असं म्हणायला केवढी छाती लागते.

स्तंभालेखाचा जन्मही असाच, न्यूनातून झालेला. विल्यम प्लेफेअरच्या 1786 च्या व्यापारविषयक आलेखसंग्रहात बाकी आकडे वर्षानुवर्षांचे होते, म्हणून तिथे चढत्या-उतरत्या रेषा शोभल्या. स्कॉटलंडचे आकडे मात्र एकाच वर्षाचे मिळाले. शहाण्या माणसानं स्कॉटलंड गाळला असता. प्लेफेअरनं लहानमोठे दांडे काढले, आणि ही आकृती कमी उपयोगाची आहे अशी कबुलीही सोबत दिली. आज शाळेतलं पोर पहिल्यांदा काढायला शिकतं ते हेच दांडे.

न्यूयॉर्कला हा मूर्खपणा पचला नाही. मासिमो विन्येलीनं 1972 मध्ये भुयारी रेल्वेचा नकाशा केला, त्यात लांबट सेंट्रल पार्क जवळजवळ चौकोनी आणि राखाडी. लोक चिडले. 1979 मध्ये नकाशा बदलला. 2025 मध्ये तिथल्या रेल्वेनं पुन्हा विन्येलीच्याच वळणाचा नकाशा लावला. शहाणपण उतरायला 46 वर्षं लागली.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर माझ्या स्तुतीचा लाभ भलत्यांनाच मिळेल. नव्या गृहसंकुलाच्या माहितीपत्रकात जो नकाशा असतो, तोही अंतरं मोडतो. मध्यभागी इमारत; तिला खेटून मेट्रो, विमानतळ आणि पवईचा तलाव. युक्ती बेकचीच, पण बेकनं अंतर मोडलं ते प्रवाशाला पोहोचता यावं म्हणून, आणि इथे मोडलंय ते गिऱ्हाइकाला अंतर कळू नये म्हणून. ही लबाडी आहे. मूर्खाच्या पंगतीत लबाडाला पान वाढू नये.

आणि मूर्खालाही एक गोष्ट जपावी लागते. बेकनं लंडनमधली जमिनीवरची जवळजवळ प्रत्येक खूण पुसली, पण टेम्स नदी ठेवली. तीही सरळ तुकड्यांची, ताठ. 2009 मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी तीसुद्धा काढून टाकली, तेव्हा एवढा गहजब झाला की नदी परत आणावी लागली.

आपली मिठी विहार आणि पवईच्या तलावांपासून निघते, साकीनाक्याच्या परिसरातून वाहते आणि साधारण 18 किलोमीटरनंतर माहीमच्या खाडीला मिळते. बेकनं नदीला कोन दिले ते कागदावर. आपण ते जमिनीवर दिले: विमानतळासाठी मिठीला जवळपास काटकोनात वळवलं, दोन्ही काठांनी आवळलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला फक्त 73. मिठीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, साकीनाक्याला दरड कोसळून माणसं गाडली गेली. आपल्या शहरात एक नदी आहे, हे कित्येक मुंबईकरांना त्या दिवशी प्रथम कळलं.

तेव्हा दारावरच्या त्या पट्टीत मेट्रोनं साकीनाक्याशेजारी एक निळी रेघ ओढावी. माप चुकलं तरी चालेल, जागा थोडी सरकली तरी चालेल. खाली नाव मात्र लिहावं: मिठी नदी.