किती फूट झालं?

पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांची खुशाली विचारत नाहीत. 'किती फूट झालं?' एवढंच विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. बाकी जग मीटरवर गेलं, आमची नदी अजून फूट-इंचांतच चढते. राधानगरी धरणाचं कितवं स्वयंचलित दार उघडलं, यावर गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला हातात धरून दोन गट पडतात.

आमच्या ओळखीच्या एक मावशी नदीच्या अंगाला राहतात. पाणी 38 झालं की त्यांचं सुरू होतं. तांदळाची पोती माळ्यावर, फ्रिज टेबलावर, सातबारा आणि रेशन कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि अधूनमधून काकांवर तोंडसुख. घास घशाखाली उतरत नाही. पाणी ओसरलं, चिखल काढून झाला, की बाई अशा झोपतात की गल्लीतला डॉल्बी ऐकू येत नाही. हा ताण. त्याला कारण असतं, कारणावर काम सुचतं, आणि पाणी उतरलं की तोही उतरतो. पोराची बारावी, मार्चअखेर, घरचं लग्न, सगळी त्याचीच भावकी. थोडा ताण बराच म्हणायचा, नाहीतर फ्रिज खालीच राहिला असता.

त्यांच्या थोरल्या दिरांचं निराळं. भर एप्रिलात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना त्यांच्या छातीत धडधडतं. गॅस बंद केला का? पोरगं पुण्याला पोचलं का? पोचल्याचा फोन आला, तर 'आवाज असा का येतोय?' एक काळजी मिटली की दुसरी दारात उभीच. ईसीजी नॉर्मल आला, तर पेढे वाटायचे सोडून म्हणाले, "मशीन जुनं असणार." गल्लीचा सल्ला तयार होताच: "आण्णा, तालमीत या, चार जोर मारा, वर पांढरा रस्सा!" व्यायामानं बरं वाटतं हे खरं, आणि रश्श्याबद्दल या गावात वाद घालायची माझी टाप नाही. पण सहा-सहा महिने बहुतेक दिवस काळजीचा भुंगा थांबत नसेल, झोप उडाली असेल, मान-खांदे आखडलेले, चिडचिड वाढलेली आणि कामात लक्ष नसेल, तर डॉक्टर त्याला चिंताविकार म्हणतात. तो जोर मारून जिरत नाही. समुपदेशनानं, गरज पडली तर औषधानं आटोक्यात येतो.

आता 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि 2021 ला पुन्हा घरात शिरलं. ज्यांच्या डोळ्यांदेखत संसार बुडाला, त्यांना वळवाच्या पहिल्या सरीलाच जाग येत असेल तर 'उगाच घाबरता' म्हणायची छाती कुणाची आहे? त्यांची भीती खोटी नाही. बघायचं ते एवढंच, की पाणी 20 फुटांवर असतानाही ती रात्र खाते का, आणि दिवसाचं काम अडवते का.

तसं होत असेल तर 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या, नंबरावर फोन लावा. रात्री-अपरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. आण्णांना तेवढा लावून द्या. ते स्वतःहून लावायचे नाहीत.