आक्षेपार्ह प्रेक्षक

सिनेमा बघून लोक हसतात, रडतात, निदान घोरतात. आमच्या इमारतीतले काका आक्षेप काढतात. सगळी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली. जिल्हा परिषदा, नगरपालिका, पंचायत समित्या यांची दप्तरं उलटीपालटी करून ते निवृत्त झाले. नजर तेवढी निवृत्त व्हायची राहिली. आता तपासायला कुणी कीर्द देत नाही, म्हणून सिनेमे तपासतात. जुना-नवा, मराठी-हिंदी-इंग्रजी असा पंक्तिप्रपंच नाही. दुपारी टीव्हीवर लागलेला असो की मॉलमध्ये चारशे रुपये मोजून बघितलेला, तपासणी म्हटली की सगळ्या संस्था सारख्याच.

हा प्राणी तसा दुर्मीळ नाही. निवृत्त मुख्याध्यापक पाट्यांवरचं शुद्धलेखन बघतात, निवृत्त डॉक्टर हीरो मरताना त्याची नाडी कुणी कुठे धरली ते बघतात, आणि एसटीतून निवृत्त झालेला माणूस सिनेमातल्या एसटीवरची पाटी वाचून ही गाडी या रस्त्याला येतच नाही असं सगळ्या घराला सांगतो. पण यांचं बोलणं तोंडी असतं. काकांचं लेखी. त्यांच्याकडे एक लांबडी वही आहे. पान मधोमध दुमडलेलं, एका बाजूला आक्षेप, दुसरी बाजू संस्थेच्या खुलाशासाठी कोरी. याला त्यांच्या खात्यात अर्धसमास म्हणतात. वरच्या कोपऱ्यात तिकीट चिकटवलेलं. हल्ली तिकीट मोबाइलवर येतं, तर काका खालच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन त्या चौकटीचौकटीच्या कोडची प्रिंट काढून आणतात आणि ती डिंकाने लावतात. प्रिंटचे पाच रुपये सिनेमाच्या खर्चात धरतात.

‘पिंजरा’ त्यांनी 1972 साली कॉलेजात असताना बघितला होता, आणि काकूंच्या माहितीनुसार केवळ संध्यासाठी बघितला होता. परवा टीव्हीवर पुन्हा लागला. दुसऱ्या दिवशी काका मला जिन्यातच भेटले.

“मास्तरांनी दुसऱ्याच्या प्रेताला आपले कपडे घालून स्वतःला मयत दाखवलं. बरं. पंचनाम्यावर सही कुणाची?”

मला आठवेना.

“मास्तर मयत, म्हणजे सेवापुस्तक बंद व्हायला पाहिजे. ते झालं का, दाखवत नाहीत. मग गावानं पुतळा बसवला. त्याचा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली? लोकवर्गणी म्हणशील, तर पावतीपुस्तकं कुठायत? आणि शेवटी त्याच मास्तरांना स्वतःच्याच खुनाबद्दल फाशी! एकच कर्मचारी, मृत्यू दोनदा. सरळ सरळ दुबार नोंद आहे ही.”

“पण काका, डॉक्टर लागूंचं काम?”

काका दोन पायऱ्या उतरून थांबले. “त्याबद्दल आक्षेप नाही,” म्हणाले.

हे तीन शब्द सोन्याच्या भावाचे समजावेत. एवढ्या वर्षांत कुठल्याही ग्रामसेवकाला ते काकांकडून मिळालेले नाहीत. निळू फुल्यांना मात्र ‘सामना’साठीही मिळाले आणि ‘सिंहासन’साठीही. ‘सामना’ला काका सिनेमा मानतच नाहीत. साखर कारखाना, पाटील आणि गावात येऊन नको ते प्रश्न विचारणारा मास्तर, हा त्यांच्या मते दौऱ्याचा अहवाल आहे. फक्त खात्याने तो जब्बार पटेल आणि तेंडुलकर यांच्याकडून लिहून घेतला.

‘शोले’वर मात्र आमचं कायम वाजतं. रामगढात वीज नाही आणि पाण्याची टाकी आहे, हा मुद्दा आता नातवंडंसुद्धा काढतात, त्यामुळे काका त्याकडे वळत नाहीत. त्यांना वाद घालायचा असतो तो शेवटावर. 1975 साली, आणीबाणीत, सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. मुळात ठाकूर गब्बरला मारून टाकतो. आपण वर्षानुवर्षं बघितलं ते पोलीस ऐन वेळी येऊन त्याला ताब्यात घेतात ते. पन्नास वर्षं झाल्यावर 2025 मध्ये मूळ शेवटाची प्रत पडद्यावर आली, तेव्हा आमची निम्मी इमारत बघायला गेली आणि टाळ्या वाजवून आली. काका सेन्सॉरच्या बाजूने.

“निवृत्त पोलीस अधिकारी! सगळे नियम तोंडपाठ. त्यानं कायदा हातात घ्यायचा?”

“त्याला हात नाहीत, काका.”

“म्हणून पायात घेतला. तेच म्हणतोय मी.”

नव्या सिनेमांना काका नाकं मुरडत असतील असा माझा समज होता. तसं नाही. त्यांचा सगळ्यात आवडता सिनेमा नवाच आहे आणि तो इंग्रजी आहे. ‘ओपनहायमर’ आला तेव्हा, 2023 मध्ये, त्यांच्या मुलाने आम्हा तिघांना नेलं. तीन तासांचा ऐवज. विज्ञान सुरू झालं तसे काका हळूहळू खुर्चीत उतरत गेले आणि वाळवंटातली चाचणी येईपर्यंत गाढ झोपले. आता या दिग्दर्शकाने स्फोट आधी निःशब्द दाखवलाय. थिएटरभर उजेड, सगळे श्वास रोखून बसलेले, आणि त्या शांततेत आमच्या रांगेतून एकसंध घोरणं. मग मागाहून आवाज आला आणि जगातला पहिला अणुस्फोट काकांनी दचकून अनुभवला. मी ओशाळून पुढच्या माणसाची माफी मागत होतो, तेवढ्यात पडद्यावर चौकशीने जोर धरला आणि काका ताठ बसले. कारण पुढचा तासभर काय आहे? टेबलं, फायली, साक्षी, उलटतपासणी, कुणी कुणाबद्दल मागे काय लिहून ठेवलं ते. अणुबॉम्ब हा त्यांना विभागीय चौकशीचा पूर्वेतिहास वाटला.

“वकिलाला कागद दाखवत नाहीत आणि चौकशी म्हणतात!” गाडीत बसल्यावर ते अक्षरशः थरथरत होते. “नैसर्गिक न्यायाचं तत्त्व नाही का त्यांच्यात?” मग थोडं शांत झाल्यावर, “दोनशे कोटी डॉलर खर्च. सुधारित प्रशासकीय मान्यता घेतली असेल का रे?”

त्याच न्यायाने चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ त्यांना पाठ आहे. तो बघताना आमच्या ओळखीतले बरेच जण चुळबुळले. तारीख, पुढची तारीख, कंटाळलेले चेहरे. काकांना हा कंटाळाच सुखाचा. उन्हाळी सुट्टी लागते, कोर्ट रिकामं होतं, एकेक करून दिवे मालवतात आणि कॅमेरा अंधारात तसाच थांबतो. समीक्षकांनी त्या अंधाराबद्दल पुष्कळ लिहिलं. काकांच्या वहीत त्यासमोर एकच शेरा आहे: दिवे बंद केले, योग्य.

‘तुंबाड’ला त्यांनी भूत म्हणून घाबरायचं साफ नाकारलं. भुताच्या लंगोटातून सोन्याची नाणी काढून आणणारा माणूस बघून त्यांना प्रश्न पडला की उत्पन्नाचा स्रोत तो काय दाखवणार. हा सिनेमा 2018 मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला आणि 2024 मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला, हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. थकबाकीची वसुली इतक्या वर्षांनी होताना त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती.

घरात या सगळ्याला विरोधी पक्ष आहे. काकू ‘बाईपण भारी देवा’ला बायकांच्या घोळक्यात नऊवारी नेसून आणि गॉगल लावून गेल्या होत्या आणि तिथे त्यांनी काकांना पर्सा सांभाळायला बाहेर बसवलं होतं. अकरा पर्सा. काकांनी प्रत्येकीला नाव विचारून पर्स परत केली. ‘अशी ही बनवाबनवी’ हा तर काकूंचा ग्रंथ. लक्ष्मीकांत लुगडं नेसून आला की त्या पोळ्या तशाच टाकून बाहेर येतात.

“भाडेकरार नोंदवलेला नाही,” काका म्हणतात. “नावं खोटी. दोघं बाई म्हणून दाखवलेले. आणि औषधाचे ते सत्तर रुपये 1988 पासून येणे दिसतायत.”

“अहो, हसा की जरा.”

“हसतोय की.”

आणि ते हसत असतात. पोट हलतं, चेहरा हलत नाही. कार्यालयात सवय झालेली असणार.

मॉलमध्ये गेलं की मध्यंतरात काकांचा दुसरा सिनेमा सुरू होतो. पॉपकॉर्नच्या काउंटरवर. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने लाह्यांचं वर्गीकरण स्पष्ट केलं होतं: मीठ-मसाल्याच्या सुट्या लाह्यांना 5 टक्के, पाकीट करून लेबल लावलं तर 12, आणि साखरेचा पाक चढवला की 18. देशभर यावर विनोद झाले. काकांनी ते कात्रण वहीत ठेवलं. काउंटरवरच्या पोराला ते विचारतात, “कॅरॅमल कुठल्या वर्गात धरता?” मागे रांग वाढत जाते. पोरगं म्हणतं, “सर, लार्ज की रेग्युलर?”

आता त्यांना न्याय म्हणून एक सांगायलाच हवं. ‘श्वास’ त्यांनी पुन्हा बघितला तेव्हा मी तिथे होतो. ‘श्यामची आई’नंतर राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला तो दुसरा मराठी सिनेमा, वगैरे मी बोलत होतो, काकांनी हात वर करून गप्प केलं. नातवाचे डोळे काढायचे आहेत आणि त्याआधी आजोबा त्याला न सांगता इस्पितळातून घेऊन जातात. रुग्ण जागेवर नाही, कागदावर सही नाही, सगळीकडे शोधाशोध. काकांसाठी याहून सुपीक जमीन नव्हती. मी वहीकडे बघत होतो. त्यांनी पेनचं टोपण काढलं, ‘रुग्ण विनापरवानगी’ इतकं लिहिलं, मग त्यावर आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं: मुद्दा वगळण्यात येतो. नोकरीत काकांनी एकही मुद्दा वगळला नव्हता, असं त्यांच्याच निरोप समारंभात साहेब बोलले होते.

सप्टेंबर 2025 मध्ये ‘दशावतार’ आला. आम्ही सगळे गेलो. बाहेर पडताना काकांचे डोळे लाल. एसी फार होता म्हणाले. घरी येऊन त्यांनी वही काढली, चष्मा पुसला आणि बराच वेळ लिहीत बसले. काकूंनी ताटं वाढली, हाका मारल्या. शेवटी मी डोकावलो. आक्षेपाच्या बाजूला काही नव्हतं. खुलाशाच्या कोऱ्या बाजूला, जिथे ते स्वतः कधीच लिहीत नाहीत, तिथे रेखीव अक्षरात मसुदा तयार होता: श्री. दिलीप प्रभावळकर, वय 81, यांचे कामकाज पाहता त्यांना पुढील मुदतवाढ देण्याची शिफारस करण्यात येत आहे.

“सही ठोका,” काकू आतून म्हणाल्या, “आणि आमटी गार व्हायच्या आत या.”