घरपट्टीचा उपवास

वसईच्या कॅथलिक माणसाला उपवासकाळ फार जड जात असेल, असा बाहेरच्यांचा समज आहे. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की पास्काच्या सणापर्यंत चाळीस दिवस हा बिचारा काय काय सोसत असेल, म्हणून ते हळहळतात. आतली गोष्ट अशी, की या काळात शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, मासळी नसते. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला ‘आज मटण नाही, पापलेट खा’ ही शिक्षा ज्याने ठरवली, त्याने वसईचा नकाशा पाहिला नसावा. बाकी प्रत्येकाने आपल्या मनाने काहीतरी सोडायचं असतं, आणि त्यात मी मुरलेला आहे. एका वर्षी मी कारलं सोडलं. एका वर्षी सिगारेट सोडली. ओढत नव्हतोच, पण संकल्पाचं घरात कौतुक झालं. एकदा टीव्हीवरच्या मालिका सोडल्या, तेव्हा क्रिकेटचा हंगाम होता.

यंदा प्रवचनाने घात केला. आमच्या फादरांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा विषय काढला. ही परिषद १९६२ ते १९६५ अशी चालली आणि तिच्यामुळे लॅटिनमधली मिस्सा मराठीत आली, एवढं मला ठाऊक होतं. फादर म्हणाले, परिषदेच्या शेवटी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, ‘गाउदियुम एत स्पेस’ नावाचा दस्तऐवज निघाला. आजच्या जगात ख्रिस्तसभेने कसं वागावं हा त्याचा विषय. त्याच्या तिसाव्या परिच्छेदात न्याय्य कर चुकवणाऱ्यांची आणि वाहनांची वेगमर्यादा धाब्यावर बसवणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे.

मी बाकावर सावरून बसलो. खून, चोरी आणि व्यभिचार यांवरची प्रवचनं मी आजवर निश्चिंत मनाने ऐकत आलोय. त्यातलं एकही अंगाला लागलेलं नाही. पण घरपट्टी आणि स्कूटर! मी जन्मलोही नव्हतो, तेव्हा रोममध्ये जमलेल्या दोन हजारांवर बिशपांना माझी स्कूटर दिसली कशी, हेच कळेना.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, की यंदाच्या उपवासकाळात मी नियम मोडणं सोडणार.

बायकोने ताटातून नजर वर न काढता विचारलं, “आणि मटण?”

“मटण चालू राहील.”

“मग जमेल तुम्हाला,” ती म्हणाली आणि ओल्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला उठली.

तिचं वेगळंच आहे. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पत्र २०१५ साली आलं. त्याच्या २११ व्या परिच्छेदात कचरा वेगळा करा, खाल तेवढंच शिजवा, प्लास्टिक कमी वापरा, नको तिथले दिवे बंद करा, असं सगळं आहे. आमच्या घरी हे कार्यक्रम लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून चालू आहेत आणि त्यांना मी इतकी वर्षं चिकटपणा म्हणत आलोय. पोपनी लिहिलं म्हणून मी तिला ते वाचून दाखवलं. “बरं केलं त्यांनी,” एवढंच ती म्हणाली. अशा माणसांच्या धर्माला धार नसते. पाहणाऱ्याला काही दिसतच नाही.

माझ्या धर्माला धार यायला हेल्मेटपासून सुरुवात झाली. आमच्या घरून चर्चला दोन रस्त्यांनी जाता येतं. एक जवळचा, म्हणजे एकेरी रस्त्याने उलटा. दुसरा कायदेशीर, तो बाजार, तलाव आणि निम्मं गाव दाखवून मग चर्चला पोचवतो. पहिल्या रविवारी मी कायदेशीर रस्त्याने, वेगमर्यादेत, हॉर्न न वाजवता निघालो. मागून येणारे बंधुभगिनी मला ओलांडताना जे बोलले, त्यातलं काही त्यांना पुढच्या पापनिवेदनात सांगावं लागलं असेल. चर्चसमोर रस्त्यात गाडी लावायची नाही, हाही संकल्प होताच. स्कूटर लांब मैदानात लावून, डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून मी धापा टाकत आत शिरलो तेव्हा फादर प्रवचन संपवून वेदीकडे वळत होते. पुढच्या रविवारीही तेच. एका प्रवचनाचं तंतोतंत पालन करण्यात बाकीची प्रवचनं बुडायला लागली.

पिशवीचं प्रकरण थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१८ पासून बंदी आहे, म्हणून एका शुक्रवारी मी कापडी पिशवीतून ओले बोंबील घेतले आणि बाजारातून थेट क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला गेलो. बोंबलात मासा किती आणि पाणी किती, हा हिशेब खाताना कधी डोक्यात येत नाही. क्रुसाच्या वाटेवर चौदा स्थानं असतात. निम्मी होईतो माझ्या आजूबाजूची गर्दी ओसरली होती, आणि चौदाव्या स्थानाला माझ्यासोबत एक मांजर तेवढं उरलं होतं. भक्ती मात्र त्याचीच खरी होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण वसईच्या मातीला मोठ्या कामांची सवय आहे. संत गोन्सालो गार्सिया इथलाच. १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ साली तो संत झाला. आमच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले. मराठी साहित्य त्यांना ‘सुवार्ता’चे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतं, आम्ही त्यांना हरित वसई संरक्षण समितीचे म्हणून ओळखतो. इथलं पाणी आणि हिरवाई वाचवायला त्यांनी हजारो माणसं रस्त्यावर आणली. धर्मासाठी प्राण देणारा झाला, जमिनीसाठी लढणारा झाला. घरपट्टी भरून नाव काढलेला वसईकर मात्र अजून नव्हता. जागा रिकामी होती.

शुभवर्तमानातही कराचे दाखले चांगले आहेत. कैसराला कर द्यावा की नाही, अशा पेचात धरायला आलेल्यांना येशूने नाण्यावरचं चित्र दाखवून गप्प केलं. मंदिराचा कर भरायची वेळ आली तेव्हा तर त्याने पेत्राला गळ टाकायला पाठवलं आणि वर येणाऱ्या पहिल्या माशाच्या तोंडात नाणं असेल असं सांगितलं. मी जन्मभर मासे साफ करत आलोय, पण तसं कधी काही निघालं नाही. तेव्हा खिशात हात घालणं भाग होतं.

आमच्या घराची पडवी कागदोपत्री उघडी आहे. प्रत्यक्षात तिला भिंती, सरकत्या खिडक्या, पंखा आणि एक पलंग आहे. गच्चीवर पत्र्याची खोली आहे, ती तर कागदोपत्री आकाशच आहे. हे सगळं आपण होऊन नोंदवावं, म्हणून मी कर भरायच्या कार्यालयात गेलो.

खिडकीपलीकडच्या तरुणाने विचारलं, “तक्रार आहे का?”

“हो. वाढीव बांधकामाची.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

त्याने पेन खाली ठेवलं. “भावाभावांत काही वाद आहे का, साहेब?”

“नाही हो.”

“कर्ज काढायचंय? विकायचंय?”

“उपवासकाळ चालू आहे,” मी म्हणालो.

त्याने मला पंख्याखालच्या खुर्चीत बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं. मग मी अर्ज लिहिला. तक्रारदार म्हणून माझं नाव, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचंही माझंच. आवक शिक्का मारताना त्याने मला ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात मला आदर दिसला. तो आदर नव्हता असं बायकोचं म्हणणं आहे, पण ती तिथे नव्हती.

मोजणीला माणसं आली ती टेप, वही आणि अत्यंत सभ्यपणा घेऊन. पडवी मोजली, पत्र्याची खोली मोजली, सरबत प्यायले. जाताना त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने आमच्या फाटकात उभं राहून गल्लीवर एक लांब नजर टाकली आणि म्हणाला, “आलोच आहोत तर...”

त्या तीन शब्दांनी जे झालं, ते बघायला मी सोडून सगळी गल्ली बाहेर आली. पलीकडच्या मास्तरांची गॅलरी मोजली गेली. समोरच्या बंगल्याचं गॅरेज, ज्यात भाडेकरू राहतात, ते मोजलं गेलं. कोपऱ्यावरच्या आजीच्या कोंबड्यांचं पक्कं बांधलेलं खुराडं मोजलं गेलं, आणि टेप आत गेल्यावर खवळलेल्या कोंबडीने खात्याला चोच मारली. खरं सांगायचं तर तेव्हाही मला धन्य वाटत होतं. दिब्रिटोंना माणसं जागी करायला वर्षं लागली होती. मी एका दुपारी सगळी गल्ली जागी केली. लोक त्यांच्या मागे चालत, तसे आता माझ्याही मागे लागले होते.

रविवारी मिस्सात शांतिदानाची वेळ आली. यात आजूबाजूच्यांकडे वळून, हात जोडून शांती द्यायची असते. मी डावीकडे वळलो. मास्तर छताकडे बघत होते. उजवीकडे वळलो, गॅरेजवाले चपलेचा अंगठा तपासत होते. मागे आजी होती. तिने हात जोडले, पण डोळे मिटून, आणि ते माझ्यासाठी नसावेत. शेवटी शांती मला खांबाला द्यावी लागली.

मिस्सानंतर मी फादरांना गाठलं. “फादर, तुमचंच प्रवचन होतं.”

“परिषदेचं होतं,” फादर म्हणाले. “आणि परिषदेत दोन हजारांहून जास्त माणसं बसून, चार वर्षं बोलून ठरवत होती. तुम्ही कोणाशी बोललात?”

“अर्ज तर मी फक्त माझाच केला होता.”

“गल्ली तुमची एकट्याची नाही ना,” असं म्हणून ते सायकलवर बसले आणि एकेरी रस्त्याने, बरोबर दिशेने, निघून गेले.

त्या महिन्याची लहान ख्रिस्ती समूहाची बैठक मास्तरांच्या गॅलरीत झाली. मुद्दाम. वाचायला उतारा निघाला जक्कयाचा. हा जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला. मग त्याने लोकांचं लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं. चर्चा कोणी सुरू करेना. शेवटी आजीने विचारलं, “त्या जक्कयाने स्वतःच्या खिशातून दिलं की शेजाऱ्यांची घरं मोजायला लावली?”

कोणी हसलं नाही. आजी थांबली नाही. “आणि तुझ्या पडवीच्या कामाचं राबिट निघालं होतं, ते कुठे गेलं रे बाबा? ते लिहिलंस का अर्जात?”

ते गल्लीच्या टोकाच्या बावखलात गेलं होतं. आमच्या जुन्या वाड्यांमधली ही तळी पावसाचं पाणी पोटात घेतात आणि विहिरींना पुरवतात. ती बुजत गेली, तसं पाणी घरांत शिरायला लागलं. २०१८ च्या जुलैत तर रेल्वेचे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या होत्या. मी प्यायला पाणी मागितलं. त्यावर मात्र सगळे हसले.

मग ठरलं ते असं. वाढीव घरपट्टी सगळ्यांनीच भरायची, कारण मोजणी झालीच आहे. पण प्रत्येकाचे अर्ज, हरकती, जुन्या पावत्या आणि खिडकीवरच्या रांगा हे सगळं मी करायचं. आणि रविवारी दुपारी घमेलं घेऊन बावखलात उतरायचं, तिथे माझा मान पहिला. मास्तरांनी घरी जाऊन धर्मशिक्षण ग्रंथ उघडला आणि कलम २२४० शोधून काढलं. त्यात कर भरणं आणि मतदान करणं हे नैतिक कर्तव्य म्हटलंय. त्या आधारावर त्यांनी गल्लीच्या तुंबलेल्या गटाराबद्दल एक खणखणीत पत्र लिहिलं, खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि पत्राला भरलेल्या पावत्यांच्या प्रती जोडल्या. आयुष्यभर कार्यालयाच्या दारातून आवाज खाली ठेवून जाणारी आमची गल्ली त्या दिवशी छाती काढून गेली. गटार साफ झालं की नाही विचारू नका. पत्राची पोचपावती मिळाली, तीही मीच रांगेत उभं राहून आणली.

आता माझ्या पडवीत, जी अखेर कागदोपत्रीही पडवी नाही, एक टेबल मांडलंय. त्यावर गल्लीतल्या सगळ्यांच्या फायली आहेत. खिडकीपलीकडचा तो तरुण मला पाहिला की उभा राहतो. शेजारी मला मत्तय म्हणतात. मत्तय जकातीचं ठाणं सोडून येशूच्या मागे गेला. मी येशूच्या मागे निघालो आणि जकातीच्या ठाण्यावर पोचलो. २१ सप्टेंबरला संत मत्तयाचा सण असतो, त्या दिवशी गल्लीत पेढे वाटायचे असं पोरांनी आत्ताच ठरवून टाकलंय. खर्च माझा.

परवा संध्याकाळी आजी आली. पदराखालून तिने डझनभर गावठी अंडी काढून टेबलावर ठेवली आणि हळूच म्हणाली, “खुराड्याचं माप जरा कमी करून दे रे, लेकरा.” मी तिला तिसावा परिच्छेद समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि अंडी तिथेच ठेवून गेली. मी तो परिच्छेद पुन्हा काढून बघितला. करांबद्दल आहे, वेगमर्यादेबद्दल आहे, अंड्यांबद्दल काही नाही. जकातदार काही एका दिवसात होत नाही. मत्तयचंही असंच डझनापासून सुरू झालं असेल.