लाहोर व्हाया दुबई

पुण्याचे काका नोएडाला आमच्याकडे आले की नकाशा पसरून बसतात. या खेपेला त्यांचं बोट दिल्लीवरून थेट लाहोरवर गेलं.

"अरे, सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर! पुणं तुला याच्या पावणेतीनपट लांब. दोन दिवसांत जाऊन येऊ."

"काका, व्हिसा?"

"राघोबादादांनी काढला होता?"

१७५८ च्या एप्रिलमध्ये मराठे लाहोरात शिरले, पुढे अटकेपर्यंत पोचले. तेव्हापासून आमच्या घरात कुणी दहावीला फर्स्ट क्लास मिळवला तरी झेंडा अटकेपारच लागतो. लाहोर म्हणजे काकांना कोथरूडच्या थोडं पुढे वाटतं.

मग मी वाटा मोजून दाखवल्या. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल मुंबईहून दिल्ली, लाहोर करत पेशावरला जायची. तीच गाडी आता गोल्डन टेंपल मेल नावानं अमृतसरलाच थांबते. तिथून लाहोर जेमतेम पन्नास किलोमीटर. १९९९ मध्ये वाजपेयी ज्या बसनं वाघा ओलांडून गेले, ती दिल्ली-लाहोर बस २०१९ पासून बंद. एप्रिल २०२५ मध्ये अटारीचं फाटक लागलं, मागोमाग आकाशही. आता जायचं तर दुबईवरून. लाहोर वायव्येला, म्हणून आधी पश्चिमेला बावीसशे किलोमीटर उडायचं आणि मग दोन हजार परत यायचं.

"दसपट!" काका किंचाळले. तरी कागद घेऊन त्यांनी वेळेचा हिशेब मांडलाच. 'नोएडा ते विमानतळ'पुढे त्यांनी लिहिलं: अर्धा तास.

इथं मात्र मला हसू आवरेना. संध्याकाळी डीएनडी उतरलं की टॅक्सीवाला सांगतो, "बस सर, पंद्रह मिनट." ही पंधरा मिनिटं आश्रम चौकात असतात, धौला कुआँला असतात, महिपालपूरलाही शिल्लक असतातच. थेट विमान होतं तेव्हा दिल्ली-लाहोर तासाभराचं; तिथलं घड्याळ अर्धा तास मागे, म्हणजे कागदोपत्री अर्ध्याच तासाचं. तेवढ्यात आम्ही आश्रमचा सिग्नलसुद्धा ओलांडलेला नसतो.

"मग रस्त्यानं जाता येईल तिथवर तरी जाऊ," काका हट्टाला पेटले. जी. टी. रोडनं निघालं की लाहोरच्या वाटेवरचं पहिलं ओळखीचं नाव पानिपत. सरकारनं ते एनसीआरमध्ये घातलंय, म्हणजे दिल्लीच समजा, हे सांगितल्यावर काका एकदम गप्प झाले. आतून काकूंचा आवाज आला, "तिथं ब्लँकेटं स्वस्त मिळतात म्हणे."

गेलो. पानिपतात मराठी माणसानं पुन्हा माघार घ्यायची नाही, या निर्धारानं काका दुकानदाराशी दुपारभर लढले. काकूंनी तेवढ्यात शेजारच्या दुकानातून, सांगितलेल्या भावात, तीन ब्लँकेटं आणि वर पचरंगा लोणच्याची बरणी घेतली.